हप्ता दोन दिवस उशिरा भरला, दंडासकट भरला. दीड वर्षाने १०,०१२ रुपये कशाचे मागून राहिले?

नंदनवनची स्कूटीवाली | २६ एप्रिल २०२५, रात्री १०:१५

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढे कोणी "ताई, चूक तुमचीच" म्हणायला नको. चूक झाली होती. एकदा. दोन दिवसांची.

मी रामदासपेठेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनवर आहे. नंदनवनहून रोजचा ऑटो परवडेना म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये स्कूटी घेतली. ७२,००० चं लोन, ३,६४० चा हप्ता, २४ महिने, दर ५ तारखेला खात्यातून आपोआप कटणार. फायनान्स कंपनीचं नाव लिहीत नाही, कामं अजून त्यांच्याकडेच अडकलेली आहेत.

५ नोव्हेंबर २०२३ ला रविवार होता. दिवाळी तोंडावर, पगार अडकलेला, खात्यात बाराशे रुपये. मी म्हटलं आज बँक बंद, हप्ता सोमवारी लागेल, तोवर आईकडून आणून टाकते. तर रविवारी सकाळीच हप्ता लागला आणि बाउन्स झाला. हे ऑटो-डेबिट १ ऑगस्ट २०२१ पासून सुटीच्या दिवशीही चालतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी कंपनीतून फोन आला. मंगळवारी, ७ तारखेला, त्यांनीच मेसेजवर पाठवलेल्या लिंकवर मी यूपीआयने ४,२३० रुपये भरले. हप्ता ३,६४०, बाउन्सचे ५००, त्यावर जीएसटी ९०. माझ्या घरखर्चाच्या वहीत त्या तारखेला पातळ पोहे, डाळवं आणि खोबऱ्याच्या खाली "मूर्खपणा – ५९०" असं लिहिलेलं आहे. त्यानंतरचे १६ हप्ते वेळेवर कटले. शेवटचा ५ मार्च २०२५ ला.

९ एप्रिलला एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा ना-हरकत दाखला, मागायला शाखेत गेले. आरसीवरून कंपनीचं नाव उतरवायचं होतं. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि म्हणाली, बाकी १०,०१२. मी समजले दुसऱ्या कोणाचं खातं उघडलं असेल. नाही, माझंच. नोव्हेंबर २०२३ चा हप्ता ३,६४० "न भरलेला". त्याचा बाउन्स ५९०. डिसेंबर २०२३ पासून एप्रिल २०२५ पर्यंत १७ महिने दर महिना लेट फी २३६, झाले ४,०१२. आणि घरी भेट दिल्याचे तीन वेळचे १,७७०. आता ऐका, ९ एप्रिलपर्यंत माझ्या घरी त्यांचं कुत्रंसुद्धा आलेलं नव्हतं.

मी मोबाइलवर पेमेंट दाखवलं. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडून गेलं असेल, आमच्याकडे आलेलं दिसून नाही राहिलं." मॅनेजर मीटिंगमध्ये. दोनदा गेले, दोनदा मीटिंगमध्ये.

त्या भेटीचे पैसे लावले होते म्हणूनच की काय, मग माणसं खरोखर यायला लागली. १५ एप्रिलला दुपारी दोनला एक पोरगा आला, घामाने निथळत होता. त्याला माठातलं पाणी दिलं. तो बिचारा म्हणाला, यादीत नाव आहे म्हणून आलो. त्याच्यावर माझा राग नाही. पण २२ ला रात्री पावणेनऊला दुसराच आला. मी घरी नव्हते, सासूबाई एकट्या. त्यांना म्हणाला गाडी उचलून नेतो, पोलीस घेऊन येतो, आणि जाता जाता शेजारच्या काकूंना सांगून गेला की यांनी लोन बुडवलं. २४ ला लॅबच्या नंबरवर फोन. फोन मीच उचलते ना. समोर उपाशीपोटी शुगर तपासायला आलेल्यांची रांग, आणि हा मलाच विचारतो, "तुमच्याकडे अमुक बाई कामाला आहे का, डिफॉल्टर आहे ती." मी म्हटलं, बोलून राहिली, बोला. फोन कट.

आमचे हे म्हणतात, दे दहा हजार अन् मोकळी हो. सासूबाईंना चार दिवसांपासून दार वाजलं की धडकी भरते. मला पैशांचं नाही, म्हणजे पैशांचंही आहे, दहा हजार काय झाडाला लागतात? पण एकदा भरलेलं पुन्हा काहून भरू? खरंच गाडी उचलू शकतात का? पोलिसांचं काय? आणि सिबिलचं? जाणकारांनी सांगा.

सरळ हिशेब | २६ एप्रिल, रात्री ११:०२

राग येईल, पण ॲग्रीमेंटवर सही तुमची आहे. उशीर झाला म्हणजे चार्जेस लागणारच. भांडत बसाल तर रोज वाढतील. आणि आरबीआयचा नियम आहे की तीन दिवसांपर्यंत लेट फी लावता येत नाही, तर तेवढं बाउन्सचं माफ करून घ्या आणि बाकीचे भरून टाका.

नंदनवनची स्कूटीवाली | २६ एप्रिल, रात्री ११:१०

उशिराचा दंड मी भरलाय हो, हप्त्याबरोबरच. पोस्ट पुन्हा वाचा.

माजी कलेक्शनवाला | २७ एप्रिल, सकाळी ८:४०

ताई, मी सहा वर्षं हेच काम केलं, दुसऱ्या कंपनीसाठी, नागपूर आणि भंडारा. आता मेडिकल चौकात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, झोप चांगली लागते. तुमची केस वाचल्याबरोबर लक्षात आलं काय झालं असेल.

बाउन्स झाल्यावर लिंक पाठवतो तो कॉल सेंटरचा पोरगा. कधी कधी त्यात लोन नंबर हातानं टाकलेला असतो. एक आकडा चुकला की पैसा कंपनीच्या खात्यात येतो, पण तुमच्या लोनवर चढत नाही. एकतर सस्पेन्समध्ये, म्हणजे कोणाचे ते न कळलेल्या पैशांच्या खात्यात, पडून राहतो, नाहीतर भलत्याच्या लोनवर जातो. शाखेतल्या मुलीला ते दिसतच नाही, तिच्यासमोर फक्त तुमचं खातं असतं. त्यामुळे ती खोटं बोलत नव्हती.

पुढचं पाहा. डिसेंबरचा हप्ता आला तो सिस्टीमने नोव्हेंबरचा म्हणून जमा केला. जानेवारीचा आला तो डिसेंबरचा म्हणून. असं करत सोळाही हप्ते एकेक घर मागे सरकले. तुम्ही दर महिन्याला वेळेवर भरून राहिल्या आणि कागदावर दर महिन्याला उशीर. म्हणून १७ वेळा लेट फी. घरी भेट दिल्याचं लिहायला पोरगा घरी जावाच लागतो असं नाही, चहाच्या टपरीवर बसूनही ॲपमध्ये "दार बंद" असं टाकता येतं. मीही टाकलंय, काय सांगू.

हे तपासायचं असेल तर दोन कागद काढा. एक, कंपनीकडून पूर्ण खातेउतारा, ज्याला ते एसओए म्हणतात, पहिल्या दिवसापासूनचा. दोन, क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, पैसे भरून घेऊ नका. त्यात दर महिन्याच्या चौकोनात किती दिवस थकलं ते असतं. माझा अंदाज बरोबर असेल तर ३० दिवसांच्या महिन्यात ०२५, ३१ च्या महिन्यात ०२६ आणि फेब्रुवारीत त्याहून कमी दिसेल. म्हणजे ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचे दिवस. खरोखर बुडवणाऱ्याचे आकडे असे नसतात, ते ०३०, ०६०, ०९० असे चढत जातात.

आणि दारात येणाऱ्याला रोख एक रुपया देऊ नका. ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा, मोबाइलवर दोन्हीचा फोटो काढा. निम्मे तिथूनच परत फिरतात.

नंदनवनची स्कूटीवाली | २७ एप्रिल, दुपारी ४:२५

दादा, रिपोर्ट काढला. ०२५, ०२६, ०२६, फेब्रुवारी २०२४ ला ०२४, यंदाच्या फेब्रुवारीत ०२३. मला रडू आलं की हसू, समजून नाही राहिलं. दीड वर्ष मी वेळेवर भरते म्हणून मनात मोठी ऐट होती माझी.

बँकेत ३४ वर्षं | २७ एप्रिल, सायंकाळी ६:५०

वर एकाने तीन दिवसांचा नियम सांगितला, तो क्रेडिट कार्डाचा आहे. आरबीआयच्या २०२२ च्या कार्डांच्या निर्देशात तीन दिवसांहून अधिक थकल्यावरच दंड लावावा असं आहे. गाडीच्या कर्जाला तो लागू नाही. बाउन्सचे ५९० आपण भरलेत ते योग्यच, त्यावर वाद घालू नका. आपली बाजू भक्कम राहते.

आपला मुख्य पुरावा यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक आहे. वही नाही, मोबाइलचा स्क्रीनशॉटही नाही. बँकेतून त्या दिवसाचे शिक्क्याचे स्टेटमेंट घ्या, त्यात तो क्रमांक असतो. आता एक मुद्दा जो शाखेतल्या मुलीला माहीत नसेल. यूपीआयने व्यापाऱ्याला दिलेले पैसे खात्यातून गेले आणि समोरच्यापर्यंत पोचल्याची खात्री झाली नाही, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यावे लागतात, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. आरबीआयचे सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक आहे. आपले पैसे परत आलेले नाहीत. याचा अर्थ ते पोचले. "आमच्याकडे आले नाहीत" हे सिद्ध करणे आता त्यांचे काम.

फोनवर भांडणे बंद करा. उद्याच एक पत्र लिहा, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे. त्याचे नाव आणि ईमेल शाखेत फलकावर लावलेले असावे लागते. ईमेलही करा आणि जीपीओतून पोचपावतीसह टपालही टाका. पत्र एक पानाचे. सासूबाईंचे दुःख पहिल्या परिच्छेदात नको, तेथे फक्त तारीख, रक्कम आणि १२ आकडे. मग मागणी: ७ नोव्हेंबर २०२३ पासून जमा दाखवा, १७ लेट फी आणि तीन भेटींचे पैसे उलटवा, एनओसी द्या, क्रेडिट रिपोर्ट दुरुस्त करा. तीन भेटींच्या तारखा, वेळा आणि आलेल्याचे नाव मागा. हे ते देऊ शकणार नाहीत असा माझा कयास आहे.

त्या २३६ बद्दलही विचारा. त्यात ३६ रुपये जीएसटी दिसतो. आरबीआयच्या नियमाने लावलेल्या दंडात्मक शुल्कावर जीएसटी लागत नाही, असे जीएसटी कौन्सिलने डिसेंबर २०२४ च्या ५५ व्या बैठकीत स्पष्ट केले. आरबीआयच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे दंड मुद्दलात मिळवता येत नाही आणि त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. हेही उताऱ्यात तपासा.

वसुलीवाल्यांचे वेगळे पत्र करा. सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करण्यास ऑगस्ट २०२२ पासून मनाई आहे, आणि चारचौघांत अपमान करणे किंवा घरच्यांना त्रास देणे कोणत्याही वेळी चालत नाही. रात्री पावणेनऊची वेळ शेजारच्या कोणाच्या कॅमेऱ्यात आली असेल तर आजच मागून घ्या, फुटेज लवकर पुसले जाते. एजन्सीने केले म्हणून कंपनी हात झटकू शकत नाही.

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर आरबीआयचा लोकपाल. त्यासाठी आरबीआय चौकातल्या इमारतीच्या पायऱ्या चढू नका, लोक उन्हात जातात आणि परत येतात. तक्रार आरबीआयच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर करायची, कागदी पत्रेही चंदीगडच्या केंद्रात जातात. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८. मात्र कंपनीचे उत्तर आलेले नसताना ३० दिवस पूर्ण होण्याआधी केलीत तर तक्रार तेवढ्याच कारणाने बंद होते. घाई करू नका.

इतवारीतला दुकानदार | २७ एप्रिल, रात्री ९:३०

मी दिले होते. २०२२ मध्ये, कार्डाचे. १,१४० रुपये होते, मी म्हटलं जाऊ द्या बावा, धंद्याच्या टायमाला कोण डोकं लावेल. फोनवरच्या पोरीने गोड आवाजात सांगितलं, सर सेटलमेंट करून देते, ८०० द्या. दिले. दोन वर्षांनी दुकानासाठी कर्ज मागायला गेलो तर रिपोर्टमध्ये "सेटल्ड" लिहिलेलं. बँकवाला म्हणतो, तुम्ही पूर्ण पैसे दिले नाही म्हणजे. ३४० रुपयांसाठी मी बुडव्या झालो. ताई, शब्द नीट पाहा. "क्लोज्ड" पाहिजे, "सेटल्ड" नको. त्यांनी साखर लावून दिलं तरी नको.

न्यायमंदिराबाहेरचा टायपिस्ट | २८ एप्रिल, सकाळी ११:१५

वकील नाही. बावीस वर्षं कोर्टाबाहेर बसून वकिलांचं टाइप करतो, त्यातलं सांगतो.

पोलीस: उसनवारीचा वाद दिवाणी असतो, त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत. एक अपवाद लोक विसरतात. चेक बाउन्सला १३८ कलम आहे, तसंच ऑटो-डेबिट बाउन्सला २००७ च्या पेमेंट कायद्याचं २५ कलम आहे, तो फौजदारी मामला होऊ शकतो. पण त्यात बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यावर भरायला १५ दिवस असतात. तुम्ही दोनच दिवसांत भरलं आणि दीड वर्ष कोणी नोटीस दिली नाही. त्यात काही उरलं नाही.

गाडी: ॲग्रीमेंटमध्ये ताबा घेण्याचं कलम, नोटिशीची मुदत आणि पद्धत लिहिलेली असते. नोटिशीशिवाय कोणी चावी मागितली तर देऊ नका. ॲग्रीमेंटची कॉपी नसेल तर तीही पत्रात मागा.

आता महत्त्वाचं. लोकअदालतीची नोटीस येऊ शकते. वर सरकारी वाटणारा मथळा असतो, लोक घाबरून पैसे घेऊन येतात. ती केस दाखल होण्याआधीच्या तडजोडीची नोटीस असते. जा, बसा, आपला कागद दाखवा, तडजोड नको म्हणा, परत या. कोणी सही करा म्हटलं तर "बाकी मान्य" असं वाक्य कुठे आहे का ते पाहा. असेल तर सही नाही.

लोकपालाकडे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असली तरी.

नंदनवनची स्कूटीवाली | १२ मे २०२५, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार. आतापर्यंतचं सांगते.

काकांनी सांगितल्याप्रमाणे २८ एप्रिललाच दोन्ही पत्रं टाकली. पहिल्या पत्रातून सासूबाईंना काढायला सर्वात जास्त वेळ लागला. समोरच्या किराणावाल्याच्या कॅमेऱ्यात तो माणूस ८:४७ ला फाटकात दिसतो. वसुलीवाले त्यानंतर आले नाहीत. एक फोन आला, मी म्हटलं कॉल रेकॉर्ड होऊन राहिला, तर तो एकदम "आपण" म्हणायला लागला.

आज कंपनीचं ईमेल आलं. "ग्राहकाशी असलेल्या संबंधांचा विचार करून सद्भावना म्हणून" ६,३७२ रुपये माफ. फक्त ३,६४० भरा, सेटलमेंट लेटर लगेच देऊ. माझं पेमेंट, १२ आकडे, तीन भेटींच्या तारखा, कशाबद्दल एक ओळ नाही.

खरं सांगू, तासभर मी मोबाइल हातात घेऊन बसले होते. हे म्हणाले, आता तर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त राहिलं, दे. यूपीआय उघडलंही होतं. इतवारीच्या दादांचा तो शब्द समोर दिसला म्हणून थांबले, नाहीतर गेले असते. उत्तर पाठवलं: माफी नको, माझे भरलेले जमा करा.

माजी कलेक्शनवाला | १२ मे, रात्री ९:४०

शाब्बास ताई. ही ऑफर यादीतल्या सगळ्यांना जाते, तुमचं पत्र कोणी वाचलेलं पण नसेल. तारीख गेली की अजून कमी करतील. घेऊ नका.

नंदनवनची स्कूटीवाली | २४ जून २०२५, रात्री १०:३०

दादांनी म्हटलं तसंच. ऑफर १,५०० पर्यंत खाली आली. घेतली नाही.

३० दिवस पूर्ण झाले आणि ३० मे ला पोर्टलवर तक्रार टाकली. मराठीत टाइप करून जोडली, चाललं. ११ जूनला कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसमधून फोन. आवाज इतका नम्र की मी आधी समजले विमा विकून राहिला. त्याने १२ आकडे मागितले. चौथ्यांदा दिले.

१८ जूनला ईमेल. पैसे सापडले. माझ्या लोन नंबरच्या शेवटी ६८ आहे, लिंकमध्ये ८६ पडलं होतं. ४,२३० रुपये ७ नोव्हेंबर २०२३ लाच, त्याच दिवशी, दुसऱ्या कोणाच्या तरी लोनवर जमा झाले होते. बाकी शून्य. लेट फी, भेटी, सगळं उलटवलं. खातं "क्लोज्ड". एनओसी कुरिअरने आली. भेटींच्या तारखा मात्र शेवटपर्यंत दिल्या नाहीत, आणि रात्रीच्या माणसाबद्दल "योग्य ती सूचना देण्यात आली आहे" एवढंच. सासूबाई म्हणतात, सूचना नाही, त्याने शेजारच्या काकूंना येऊन सांगायला पाहिजे होतं. बरोबर आहे त्यांचं. ते काही कोणत्या पोर्टलवर मिळत नाही.

बँकेत ३४ वर्षं | २५ जून, सकाळी ७:३०

अभिनंदन. एनओसी कपाटात ठेवून देऊ नका, तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३५ (गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा अर्ज) सह आरटीओत वापरा. क्रेडिट रिपोर्टची दुरुस्ती आपोआप होईल असे समजू नका, तक्रार वेगळी नोंदवा. ३० दिवसांत दुरुस्त झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

नंदनवनची स्कूटीवाली | २४ ऑगस्ट २०२५, सकाळी ९:५०

काल मारबतीची मिरवणूक पाहून आले, इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. इडा पिडा घेऊन जा म्हणताना कोण डोळ्यांसमोर होतं ते सांगायला नको.

आरसी आली, कंपनीचं नाव उतरलं. क्रेडिट रिपोर्टची तक्रार मी २१ जूनलाच नोंदवून ठेवली होती, ३० दिवस २१ जुलैला संपले, दुरुस्ती झाली २ ऑगस्टला. १२ दिवस उशीर, १,२०० रुपये मागितलेत. अजून आले नाहीत. मी कोणाला त्यांच्या घरी पाठवलेलं नाही.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून पुन्हा लिहून राहिले. तो ८६ वाला. त्याच्या लोनवर माझे ४,२३० दीड वर्ष होते. त्याला वाटलं असेल आपला हप्ता बरोबर बसला. आता ते त्याच्याकडून काढून माझ्याकडे टाकले, म्हणजे त्याच्याकडे एक हप्ता कमी पडला. नोव्हेंबर २०२३ पासूनचा. दादा, तुम्हाला माहीत असेल. त्याच्याकडे जाईल का कोणी?

माजी कलेक्शनवाला | २४ ऑगस्ट, सकाळी १०:०५

जाईल ना. यादीत नाव आलं असेल आतापर्यंत. तुमच्या १८ जूनच्या ईमेलमध्ये चूक कंपनीची आहे असं स्पष्ट लिहिलंय का? लिहिलं असेल तर नाव-नंबर झाकून इथं टाका. तो माणूस नागपूरचा असेल-नसेल, पण असा कोणी शोधत आला तर त्याला दाखवायला कागद तरी राहील.

नंदनवनची स्कूटीवाली | २४ ऑगस्ट, सकाळी १०:२०

लिहिलंय. लॅबमधून आल्यावर संध्याकाळी टाकते.